पुसलं म्हणजे गेलं का?

एखादी वस्तू खरंच नाहीशी झाली की नाही, हे तपासण्याचा मला पगार मिळतो. घरचे विचारतात, ‘डिलीट करण्यात कसली आलीय परीक्षा?’ प्रश्न रास्त आहे. पण टेस्टिंगच्या धंद्यात डिलीटइतकं फसवं काम दुसरं नाही, असं माझं मत.

2013मध्ये डॉकर आलं आणि सॉफ्टवेअर कंटेनरमध्ये चालवण्याची पद्धत झपाट्याने पसरली. प्रोग्रॅम आणि त्याला लागणाऱ्या लायब्रऱ्या एकत्र बांधल्या की झाली इमेज. इमेज उतरवून घेणं, तिच्यावरून कंटेनर चालवणं आणि नको झालेली इमेज काढून टाकणं, ही कामं रनटाइमची. कंटेनरडी हा असाच एक रनटाइम. माझी रोजची झटापट त्याच्याशी.

इमेज थरांची बनलेली असते. प्रत्येक थराला त्याच्या मजकुरावरूनच काढलेली 64 अक्षर-अंकांची खूण असते. दोन इमेजचा पायाचा थर एकच असेल, तर तो डिस्कवर एकदाच ठेवला जातो. जागा वाचते, पण एक इमेज काढताना दुसरीच्या पायालाच हात लागणार नाही ना, हे कोणीतरी बघावं लागतं. ते कोणीतरी म्हणजे मी.

त्यात नावांचा घोळ. एका इमेजला तीन टॅग असू शकतात. डॉकरला एक टॅग काढायला सांगितलं, तर तेवढं नाव जातं आणि इमेज उरलेल्या नावांवर तशीच राहते. अनेक मशीनवरच्या कंटेनरांचा कारभार बघणाऱ्या कुबरनेटीसकडून तोच निरोप कंटेनरडीला आला, तर तिन्ही नावांसकट इमेज जाते. दोघंही बरोबर, कारण दोघांचे करार वेगळे. नवा टेस्टर इथे हमखास बग नोंदवतो.

कुबरनेटीस आणि रनटाइम यांच्यातल्या करारातलं एक कलम मला फार आवडतं: आधीच काढलेली इमेज पुन्हा काढायला सांगितली, तर तक्रार करायची नाही. मधेच संपर्क तुटला, उत्तर पोचलं नाही, तर वरचा माणूस पुन्हा तेच सांगणार. म्हणून आम्ही मुद्दाम एकच इमेज पाठोपाठ दोनदा काढतो.

क्रिटेस्ट नावाचा तयार चाचणीसंच आहे. तो इमेज उतरवतो, आहे का विचारतो, काढतो, पुन्हा विचारतो. ‘नाही’ उत्तर आलं की पास. हे हवंच, पण मला पुरत नाही. कारण ही चौकशी फक्त दप्तराची झाली. सातबाऱ्यावरून नाव कमी झालं म्हणून जमीन कोणी उचलून नेत नाही. कंटेनरडीत इमेज काढणं म्हणजे मुळात नोंद काढणं. कोणत्याच नोंदीतून ज्यांच्यापर्यंत पोचता येत नाही, असे थर गार्बेज कलेक्टर मागाहून उचलतो. त्यामुळे लगेच डिस्क मोजली, तर चाचणी आज पास, उद्या फेल. यावर काही जण चाचणीत ‘पाच सेकंद थांब’ अशी ओळ टाकतात. माझ्याकडे रिव्ह्यूला आली की ती मी उडवते. सफाई पूर्ण होईपर्यंत थांबण्याचा पर्याय कंटेनरडीत आहे, तो वापरावा.

चालू कंटेनरची इमेज काढायला गेलं, तर डॉकर साधारणपणे नकार देतं. कंटेनरडी नोंद काढतो, पण चालू कंटेनरला लागणारे थर राखून ठेवतो. खरंच राखतो का, हे बघायला मी कंटेनरमधली तोवर एकदाही न उघडलेली फाइल उघडायला लावते. आधी उघडलेली फाइल मेमरीतूनही मिळू शकते, तिची साक्ष काय कामाची?

एवढी कटकट कशाला? कुबरनेटीसमध्ये डिस्क 85 टक्के भरली की न वापरलेल्या इमेज, सगळ्यात जुना वापर असलेली आधी, अशा क्रमाने 80 टक्क्यांपर्यंत काढायच्या, अशी मूळ मांडणी आहे. नोंदी गेल्या आणि थर राहिले, तर डिस्क भरलेलीच राहते आणि मग चालती कामं त्या मशीनवरून हाकलली जातात. तेव्हा अशी चाचणी लिहिणाऱ्यांनी यादी बघून थांबू नये. डिस्क मोजावी, आणि शेजारच्या इमेजवरून एक नवा कंटेनर सुरू करून बघावा.