फुकुशिमा : धोका कुठे होता आणि विटाळ कुठून आला?



मार्च महिना आला की आपल्याला महाड आठवते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि त्यांच्या मागोमाग हजारो माणसे चवदार तळ्याचे पाणी प्याली. पुढे सनातन्यांनी तळ्यात पंचगव्याच्या घागरी ओतून ते पाणी ‘शुद्ध’ करून घेतले. पाण्यात नेमके काय बिघडले, हे कोणी तपासले नव्हते. आपल्या माणसांचा हात पाण्याला लागला, एवढे कारण त्यांना पुरले.

मार्च महिन्यातलीच दुसरी एक गोष्ट. २०११ साली २३ मार्चला टोकियोच्या पाणीपुरवठा खात्याने जाहीर केले की, एका जलशुद्धीकरण केंद्रातल्या पाण्यात किरणोत्सर्गी आयोडीन सापडले आहे. प्रमाण एका लिटरला २१० बेक्वेरेल. बेक्वेरेल हे किरणोत्सर्ग मोजण्याचे माप आहे. तान्ह्या बाळांसाठी मर्यादा १०० ची, मोठ्यांसाठी ३०० ची. म्हणून सांगितले गेले की, बाळाचे दूध या पाण्यात कालवू नका. ज्या घरांत तान्ही बाळे होती त्यांना बाटलीबंद पाणी दिले. दुसऱ्या दिवशी प्रमाण मर्यादेखाली आले आणि सूचना मागे घेतली गेली.

पहिल्या पाण्यात दोष मानला होता. दुसऱ्या पाण्यातला दोष मोजला होता. हा फरक कळला नाही तर संकटात माणसे दोनदा मरतात, एकदा संकटाने आणि एकदा शेजाऱ्याच्या वागण्याने. जपानमध्ये तसेच घडले. आमच्या वस्त्यांतही ते वेगळ्या रूपात दिसते, म्हणून यावेळी हा विषय घेतला आहे.

त्या दिवशी काय घडले?

११ मार्च २०११ रोजी दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी जपानच्या ईशान्य किनाऱ्याजवळ समुद्रतळाखाली ९ तीव्रतेचा भूकंप झाला. समुद्राचा तळ उचलला गेला आणि सुनामीच्या लाटा किनाऱ्यावर आल्या. मृत आणि बेपत्ता मिळून १८,००० हून अधिक माणसे गेली. त्यांतली बहुतेक पाण्यात बुडून गेली.

फुकुशिमा दाइची अणुवीज केंद्रातल्या चालू भट्ट्या भूकंपाचा धक्का बसताच आपोआप बंद झाल्या होत्या. पण अणुभट्टी बंद केली तरी आतले इंधन बरेच दिवस तापत राहते. चूल विझवल्यावरही निखारे धगधगतात, तसे. ते थंड ठेवायला सतत पाणी खेळवावे लागते, आणि पाण्याच्या पंपांना वीज लागते. बाहेरची वीज भूकंपाने गेली. डिझेल जनरेटर सुरू झाले, पण तासाभराच्या आत सुनामी आली. संरक्षक भिंत सहा मीटरहूनही कमी उंच होती आणि लाट त्याच्या दुपटीहून उंच. जनरेटर पाण्यात बुडाले. तीन भट्ट्यांतले इंधन वितळले. आत साठलेल्या हायड्रोजन वायूचे स्फोट झाले. ते अणुबॉम्बसारखे स्फोट नव्हते, पण किरणोत्सर्गी द्रव्ये हवेत आणि समुद्रात गेली. दीड लाखाच्या आसपास लोकांना घरे सोडावी लागली.

देवाचा कोप म्हणणारे

स्फोटांचे धूर निघत असतानाच, १४ मार्चला, टोकियोचे तेव्हाचे गव्हर्नर शिंतारो इशिहारा यांनी सुनामी ही जपान्यांच्या स्वार्थीपणाला मिळालेली दैवी शिक्षा आहे, असे विधान केले. लोक संतापले आणि दुसऱ्या दिवशी त्यांना माफी मागावी लागली. आपल्याकडे १९३४ साली बिहारचा भूकंप झाला, तेव्हा गांधीजींनी ती अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा असल्याचे म्हटले होते. त्याला रवींद्रनाथ टागोरांनी जाहीर विरोध केला होता. अस्पृश्यता हे पाप होतेच. पण भूकंपात झोपडीखाली सापडून मेलेला गरीब माणूस कोणत्या पापाचा हिशेब चुकता करत होता?

बाबासाहेबांनी आपल्याला दिलेला धम्म दैवी शिक्षा मानत नाही आणि पूर्वजन्मीच्या पापाचे फळही मानत नाही. कार्य घडले तर कारण शोधा, एवढेच तो सांगतो. जपानच्या संसदेने नेमलेल्या चौकशी आयोगाने तेच केले. हा अणुअपघात मानवनिर्मित होता, तो आधी ओळखता आणि टाळता आला असता, असे त्या आयोगाने जुलै २०१२ मध्ये लिहून ठेवले. कारण सापडले तरच पुढची माणसे वाचतात.

मीठ आणि आयोडीनची अफवा

त्या आठवड्यात आशियातल्या अनेक देशांत बीबीसीच्या नावाने एक खोटा मोबाइल संदेश फिरला. किरणोत्सर्गी पाऊस येणार, घराबाहेर पडू नका, गळ्याला बीटाडिन लावा, असे त्यात होते. फिलिपिन्समध्ये त्यामुळे घबराट झाली. चीनमध्ये आयोडीनयुक्त मिठासाठी दुकानांवर झुंबड उडाली.

यातले शास्त्र नीट समजून घेऊ. आपल्या गळ्यातली थायरॉइड ग्रंथी रक्तातले आयोडीन ओढून घेते. ते साधे की किरणोत्सर्गी, हे तिला कळत नाही. म्हणून धोक्याच्या वेळी साध्या आयोडीनची गोळी देऊन ग्रंथी आधीच भरून टाकतात, म्हणजे किरणोत्सर्गी आयोडीनला तिथे जागा उरत नाही. मोठ्या माणसाला पोटॅशियम आयोडाइडची १३० मिलिग्रॅमची मात्रा देतात. त्यात सुमारे १०० मिलिग्रॅम आयोडीन असते. आपल्या घरातल्या आयोडीनयुक्त मिठात किलोला किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन असावे, असा नियम आहे. तेवढे धरले तर एका गोळीच्या बरोबरीसाठी साडेसहा किलोहून अधिक मीठ खावे लागेल. माणूस मिठानेच मरेल. बीटाडिन जखमेवर बाहेरून लावायचे औषध आहे. गळ्याला चोपडून थायरॉइड वाचत नाही आणि ते प्यायले तर विषबाधा होते.

खरी गोळीसुद्धा मनाने घ्यायची नसते. ती धोक्याच्या थोडी आधी किंवा नंतर काही तासांतच उपयोगी पडते, मुलांना आणि गरोदर बायांना तिची गरज सर्वांत जास्त असते, आणि ती फक्त थायरॉइडला वाचवते. सीझियमसारख्या इतर द्रव्यांवर तिचा काही परिणाम नाही.

मात्र लोक घाबरले म्हणून त्यांना हसू नये. किरणोत्सर्गाचा ढग कुठे जाईल याचे अंदाज सरकारजवळ होते, ते लोकांना वेळेवर सांगितले नाहीत. नामिए गावचे लोक सुरक्षित समजून ज्या भागात जाऊन राहिले, तिकडेच वारा किरणोत्सर्ग घेऊन गेला होता. माहिती दडवली की तिची जागा अफवा घेते.

मग विटाळ सुरू झाला

घरदार गमावून फुकुशिमाचे लोक दुसऱ्या गावांत गेले. तिथे काय झाले? त्सुकुबा शहराने त्यांच्याकडे किरणोत्सर्ग नसल्याचा दाखला मागितला. ओरड झाल्यावर शहराने माफी मागितली. योकोहामात स्थलांतरित कुटुंबातल्या एका शाळकरी मुलाला बाकीची मुले ‘जंतू’ म्हणून हाक मारत. मुलींना आपली लग्ने होतील की नाही, याची धास्ती बसली. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांनी हेच भोगले होते. त्यांना सोयरीक नाकारली जाई, नोकरी नाकारली जाई. वास्तविक त्या वाचलेल्यांना नंतर झालेल्या मुलांचा कित्येक दशके अभ्यास झाला आहे आणि आनुवंशिक दोष वाढल्याचे त्यात आढळलेले नाही.

जपानला विटाळ नवा नाही. कातडी कमावणाऱ्या, मेलेली जनावरे उचलणाऱ्या बुराकुमिन समाजाला तिथे शतकानुशतके अपवित्र मानले गेले. १८७१ मध्ये कायद्याने तो दर्जा संपला, तरी १९२२ साली त्यांना समतेसाठी ‘सुइहेइशा’ ही संघटना उभारावी लागली. आणि आपल्याकडे २००४ च्या सुनामीनंतर तामिळनाडूच्या नागपट्टणम जिल्ह्यात काय झाले? दलितांना मदत छावण्यांत वेगळे ठेवले, पिण्याच्या पाण्यापासून दूर ठेवले, असे मानवी हक्क संघटनांनी नोंदवले आहे. सगळ्यांची घरे लाटेत गेली, पण जात गेली नाही.

किरणोत्सर्ग माणसाकडून माणसाला लागतो का?

यासाठी पुन्हा चुलीकडे जाऊ. चुलीजवळ बसलो की धग लागते. उठून दुसऱ्या खोलीत गेलो तर आपण दुसऱ्याला धग देत नाही. बाहेरून किरण लागलेल्या माणसाचेही तसेच. त्याच्या शरीराला इजा झालेली असू शकते, पण तो दुसऱ्याला किरण देत नाही.

चुलीतली राख अंगावर उडाली, तर मात्र ती कपड्यांबरोबर येते. किरणोत्सर्गी धूळ अशीच कपड्यांवर, केसांवर बसते. वरचे कपडे काढून पिशवीत बांधून ठेवले की बरीचशी धूळ जाते. उरलेली साबण-पाण्याने धुतली जाते. अंग घासून सोलायचे नाही. एवढे झाले की त्या माणसाला जवळ घ्यायला हरकत नाही.

राख पोटात गेली तर? हा खरा धोका. १९८६ च्या चेर्नोबिल अपघातानंतर किरणोत्सर्गी आयोडीन असलेले दूध मुले पीत राहिली आणि हजारोंना थायरॉइडचा कर्करोग झाला. जपानने दूषित भागातले दूध आणि भाज्या लवकर थांबवल्या. फुकुशिमाच्या रहिवाशांमध्ये थेट किरणोत्सर्गामुळे झालेले आरोग्याचे दुष्परिणाम नोंदवले गेलेले नाहीत, असे संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रज्ञ समितीने २०२१ च्या अहवालात म्हटले. किरणोत्सर्ग निरुपद्रवी आहे, असा याचा अर्थ घेऊ नये. वेळेवर मोजले आणि वेळेवर थांबवले तर माणसे वाचतात, हा त्याचा अर्थ.

मग माणसे मेली कशाने?

परिचारिका म्हणून आम्हाला सर्वांत जास्त छळतो तो हा भाग. केंद्राजवळच्या एका रुग्णालयातले अंथरुणाला खिळलेले रुग्ण बसमध्ये बसवून दूरच्या शाळेत नेले. कित्येक तासांचा प्रवास, सोबत पुरेसे कर्मचारी नाहीत, सलाइन नाही, पाणी पाजायला कोणी नाही. काहींनी वाटेतच प्राण सोडला. मार्चअखेरपर्यंत रुग्णालयांतून आणि वृद्धाश्रमांतून हलवलेल्यांपैकी किमान ६० जण दगावल्याचे संसदीय आयोगाने नोंदवले. पुढे छावणीतली थंडी, तुटलेली औषधे, एकटेपणा आणि आत्महत्या यांनी माणसे जात राहिली. फुकुशिमा प्रांतात अशा ‘आपत्तीशी संबंधित’ मृत्यूंची संख्या २,३०० च्या वर गेली. भूकंप आणि सुनामीने तिथे थेट गेलेल्यांपेक्षा ती जास्त आहे.

म्हणून मनाची शुश्रूषाही औषधाइतकीच लागते. मियागी प्रांतातले झेन भिक्खू ताइओ कानेदा गाडीत चहा-कॉफी आणि केक घेऊन छावण्यांत जाऊ लागले. नाव ठेवले ‘काफे दे मोंकु’. मंक म्हणजे भिक्खू आणि जपानीत ‘मोंकु’ म्हणजे गाऱ्हाणे. ते उपदेश करत नसत. शेजारी बसत आणि गाऱ्हाणे ऐकत. करुणा म्हणतात ती हीच.

आपल्या वस्तीत

अणुभट्टी आपल्यापासून दूर असेल, पण ‘शेक’ दूर नाही. कर्करोगावर किरणांचा उपचार घेतात त्याला आपल्या बाया शेक म्हणतात. आरोग्यवर्गात एक सून आम्हाला हळूच म्हणाली, “सिस्टर, सासूबाईंना शेक चालू आहे. पोराला त्यांच्याजवळ निजू देऊ का?” घरात त्यांचे ताट-पेला वेगळा काढला होता. ज्या म्हातारीने उभ्या आयुष्यात दुसऱ्यांच्या दारात वरून ओतलेले पाणी प्यायले, तिचा पेला तिच्याच घरात वेगळा झाला होता. आम्ही त्या घरी जाऊन तिच्याच पेल्यातून पाणी प्यालो.

हे लक्षात ठेवा :

बाहेरून यंत्राने शेक घेतलेला रुग्ण किरण सोडत नाही. त्याच्यासोबत जेवा, मुलाला त्याच्या कुशीत निजू द्या. फक्त किरणोत्सर्गी आयोडीन पोटात दिले असेल किंवा शरीरात किरणोत्सर्गी गोळ्या बसवल्या असतील, तर डॉक्टर काही दिवस अंतर ठेवायला सांगतात. ते ठरावीक दिवसांचे असते, आयुष्यभराचे नसते.

साधा एक्स-रे काढून आलेल्या माणसापासून कोणालाही काही होत नाही.

आपत्तीत मोबाइलवर आलेला औषधाचा सल्ला पाळण्याआधी आशाताईला किंवा सरकारी दवाखान्यात विचारा.

वस्तीतल्या अंथरुणाला खिळलेल्या, डायलिसिसवरच्या, इन्सुलिन घेणाऱ्या माणसांची यादी विहारात ठेवा. प्रत्येकाची आठवडाभराची औषधे आणि कागद एका पिशवीत असू द्या. पूर येवो वा आग लागो, हलवताना सोबत कोण जाणार, हे आधी ठरवा.

तारापूर परिसरातल्या बांधवांनी ग्रामसभेत विचारावे : स्थलांतराची योजना काय, आयोडीनच्या गोळ्या कुठे ठेवल्या आहेत, आजारी माणसांना कोण हलवणार? तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ पासूनच्या आणि फुकुशिमाच्याच प्रकारच्या, उकळत्या पाण्यावर चालणाऱ्या आहेत. हे प्रश्न विचारणे हा आपला हक्क आहे.

धोका असेल तिथे मोजमाप मागा आणि अंतर ठेवा. पण माणसाचा पेला वेगळा काढण्याआधी एकदा चवदार तळे आठवा.

जयभीम! नमो बुद्धाय!