पल्प फ्रीजरमध्ये, पॉलिसी कपाटात: घरातून धंदा आणि विमा

ज्यांना पूर्ण एपिसोड ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी हा लिखित भाग.

२३ जुलै २०२१. त्या सकाळपर्यंतच्या २४ तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. घाटात दरडी आल्या, लाइट गेली. मी वर्क फ्रॉम होममुळे घरीच होतो. मागच्या खोलीत आई स्ट्रॉबेरी आणि मलबेरीचं सिरप, जॅम बनवते. भिंतीकडून पाणी आत आलं, खालची खोकी भिजली. डीप फ्रीजरमधला पल्प आंबला. मी आईला मोठ्या रुबाबात म्हणालो, "काळजी करू नकोस, आपला इन्शुरन्स आहे."

मग ती पॉलिसी आयुष्यात पहिल्यांदा उघडून वाचली. होम लोनबरोबर आलेली. विमा फक्त इमारतीचा. बाटल्या, पल्प, फ्रीजर, काहीच नाही. आई एवढंच म्हणाली, "बरं, आता बादली घे."

त्या दिवशी कळलं, की पाऊस एकच असला तरी नुकसान चार प्रकारचं असतं, आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं.

पहिलं, घर. १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी मिळते. आग, वीज पडणं, पूर, दरड यांमुळे इमारतीचं आणि घरगुती सामानाचं झालेलं नुकसान त्यात येतं. पण घरगुती सामान म्हणजे टीव्ही, कपाट, भांडी. विकायला ठेवलेला माल नाही. आणि भिंतीला वर्षानुवर्षं मुरलेली ओल कुठलीच पॉलिसी भरून देत नाही, कारण ती अचानक घडलेली घटना नसते.

दुसरं, माल आणि मशीन. यासाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' आहे. एका जागेवरची मालमत्ता ५ कोटी रुपयांपर्यंत असेल तर ही चालते, म्हणजे आपल्यासारख्यांना भरपूर. फक्त चोरीचं नीट बघा. पूर किंवा आगीसारख्या घटनेमुळे, त्यानंतरच्या ७ दिवसांत झालेली चोरीच यात धरतात. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळा विमा लागतो.

तिसरं, फ्रीजर. लाइट गेली म्हणून पल्प खराब झाला, तर वरच्या पॉलिसीत तो बसत नाही. माल भिजला तर भरपाई, तापमान बदलून नासला तर नाही. त्यासाठी वेगळं कव्हर मागावं लागतं.

चौथं, बुडालेली विक्री. रस्ता बंद, पर्यटक नाहीत, गल्ला रिकामा. साध्या पॉलिसीत हेही नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, विम्याची रक्कम. स्ट्रॉबेरीचा हंगाम हिवाळ्यात सुरू होऊन उन्हाळ्यात संपतो. म्हणजे पाऊस येतो, नेमका तेव्हा वर्षभराचा माल घरात भरलेला असतो. समजा, तुमच्याकडे ४ लाखांचा माल आहे आणि विमा २ लाखांचाच काढलाय. १ लाखाचं नुकसान झालं, तर तुम्हाला वाटेल २ लाखांच्या आतच आहे, पूर्ण मिळेल. नाही! विमा निम्म्याचा, म्हणून भरपाईही साधारण निम्मी, ५० हजार. त्यातूनही पॉलिसीत ठरलेली वजावट होते. सूक्ष्म उद्यममध्ये १५ टक्क्यांपर्यंतची तफावत माफ असते, निम्म्याची नाही. म्हणून रक्कम धरताना मे महिन्यातला साठा धरा, सरासरी नको.

आणि घरात धंदा चालतो हे विमा कंपनीला लेखी सांगा. "कशाला सांगायचं, प्रीमियम वाढेल" असं म्हणून लपवलंत, तर नेमका क्लेमच्या वेळी तोच मुद्दा पुढे येतो. जॅम खाऊन कोणाला त्रास झाला आणि त्याने भरपाई मागितली, तर तो विमाही निराळा असतो. बाहेर माल जात असेल तर त्याचीही चौकशी करा.

बाकी आम्ही काय बदललं? मेअखेर जमेल तेवढ्या पल्पचं सिरप करून बाटल्या भरतो, फ्रीजरवरचा भार कमी. रॅक जमिनीपासून दोन फूट वर. दर महिन्याला मोबाइलवर साठ्याचा व्हिडिओ आणि बिलांचे फोटो, थेट क्लाउडवर. हंगामातल्या कमाईतून तीन महिन्यांचा खर्च बाजूला, कारण बुडालेल्या विक्रीचा विमा आमच्यापुरता तोच.

नुकसान झालंच तर कंपनीला लगेच कळवा आणि सर्व्हेअरने बघेपर्यंत भिजलेला माल फेकू नका. क्लेम नाकारला, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. त्यांचं कार्यालय पुण्यात आहे आणि तिथे वकील लागत नाही.

आमच्याकडे जुनी माणसं पावसाच्या बाजूच्या भिंतींना गवताचं आच्छादन बांधायची, ते जून लागायच्या आत. पॉलिसीचंही तसंच. आज रात्री रील्स बघण्याआधी ती पीडीएफ एकदा उघडा. त्यात तुमच्या धंद्याचं नाव आहे का, एवढंच शोधा. नसेल, तर उद्या फोन करा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!