शुभ बोल रे नाऱ्या, पण खरं बोल!

मराठी घरात दिवा विझत नाही, 'शांत' होतो. बांगडी फुटत नाही, 'वाढते'. नारळसुद्धा फोडायचा नसतो, वाढवायचा असतो. घराबाहेर पडताना 'जातो' म्हटलं की आजी आतूनच ओरडते, 'येतो म्हण!' वास्तुपुरुष दिवसभर 'तथास्तु' म्हणत बसलेला असतो, तेव्हा तोंडातून वेडंवाकडं काढू नये, हा आपल्याकडचा जुना दंडक.

पण मन खचलेलं असताना, अंथरुणातून उठणंही जिवावर येतं तेव्हा, हे शुभ बोलणं खरंच कामाला येतं का? गेल्या शंभर वर्षांत औषधविक्रेत्यांपासून मेंदूच्या अभ्यासकांपर्यंत अनेकांनी हे तपासून पाहिलंय. उत्तर आहे: येतं, पण नुसतं गोड असून भागत नाही, ते मनाला पटावं लागतं. त्याच्याच या काही चटपटीत गोष्टी.

१. वीस गाठींचा दोरा

एमिल कुए हे फ्रान्समधले औषधविक्रेते, जन्म १८५७ चा. गिऱ्हाइकाच्या हातात बाटली देताना 'हे औषध नामी आहे हं' असं म्हटलं, की तेच औषध जास्त लागू पडतं, हे त्यांनी हेरलं. पुढे बाटली राहिली बाजूला आणि नॅन्सी शहरात त्यांनी नुसत्या शब्दांचा दवाखाना थाटला. कृती अगदी सोपी. एका दोऱ्याला वीस गाठी मारायच्या. सकाळी जाग येताच आणि रात्री झोप लागण्याआधी डोळे मिटून एकेक गाठ बोटांखालून सरकवायची आणि वीस वेळा पुटपुटायचं, की दिवसेंदिवस आपण सगळ्या बाजूंनी बरे होत चाललो आहोत. आवाज केवढा? आपल्याच कानांना ऐकू येईल एवढा.

जपमाळ पाहिलेल्या माणसाला यात काही नवल वाटायचं नाही. युरोप-अमेरिकेला मात्र वेड लागलं. १९२३ मध्ये कुए अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले, तेव्हा त्यांना ऐकायला झुंबड उडाली. आज आरशावर चिकटवलेल्या आणि मोबाइलवर वाजणाऱ्या तमाम 'अफर्मेशन्स'चे, म्हणजे स्वतःला धीर देणाऱ्या वाक्यांचे, आजोबा ते हेच.

२. घंटा वाजली, आता स्वतःवर प्रेम करा!

कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठातल्या जोआन वुड यांनी २००९ मध्ये आजोबांच्या या औषधाची परीक्षा घेतली. लोकांना चार मिनिटं मनातले विचार लिहायला बसवलं. दर पंधरा सेकंदांनी घंटा वाजायची आणि घंटा वाजली की काही जणांनी मनात म्हणायचं, 'मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे.'

ज्यांचं स्वतःबद्दल आधीच बरं मत होतं, त्यांना किंचित आणखी बरं वाटलं. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत मुळात खालावलेलं होतं, म्हणजे ज्यांना या वाक्याची खरी गरज, त्यांना उलट आणखी वाईट वाटलं! कारण मन लगेच उलटतपासणी घेतं: 'प्रेम करण्याजोगी? मग परवा फोन का नाही उचलला कुणी?' वाक्य जेवढं मोठं, तेवढा त्याला फुटणारा फाटा मोठा.

३. 'करीनच!' की 'जमेल का मला?'

इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये एक गमतीदार प्रयोग छापला. हस्ताक्षराचा अभ्यास आहे असं सांगून त्यांनी काही जणांकडून 'मी करीन' असं पुन्हा पुन्हा लिहून घेतलं, तर काहींकडून 'मी करीन का?' असं. नंतर सगळ्यांना अक्षरांची कोडी सोडवायला दिली. बाजी मारली 'करीन का?'वाल्यांनी. प्रश्न विचारला की मन उत्तर शोधायला लागतं. हुकूम सोडला की ते हात बांधून उभं राहतं.

४. तुका म्हणे, नामा म्हणे

मिशिगन विद्यापीठातल्या ईथन क्रॉस यांनी २०१४ मध्ये लोकांना ऐनवेळी भाषण करायला लावलं. तयारीला जेमतेम पाच मिनिटं. काहींनी स्वतःशी 'मी का घाबरलोय?' अशा भाषेत बोलायचं, तर काहींनी स्वतःचं नाव घेऊन, कुणी तिसराच बोलतोय असं. नाव घेणाऱ्यांचं भाषण सरस झालं आणि नंतर 'अरेरे, काय बोललो मी' हे चऱ्हाटही त्यांनी कमी वळलं. स्वतःपासून हातभर लांब उभं राहिलं की आपण स्वतःला जरा शहाणपणाचा सल्ला देतो. मित्राला देतो तसा.

आपल्याकडे ही युक्ती प्रयोगशाळेच्या कितीतरी आधीची. तुकोबा आणि नामदेव अभंगाच्या शेवटी स्वतःच्या नावाने बोलतात. समर्थ रामदासांनी तर मनाला समोर बसवून, त्याला हाक मारमारून २०५ श्लोक ऐकवले. आपल्या मनाची एवढी लांबलचक शिकवणी क्वचितच कुणी घेतली असेल.

५. कोळी दिसला? नाव सांगा!

भावनेला नुसतं नाव दिलं तरी तिची धार कमी होते. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात (यूसीएलए) मॅथ्यू लिबरमन यांनी २००७ मध्ये स्कॅनरमध्ये झोपलेल्या लोकांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले. त्यांनी त्या भावनेला शब्द दिला, तेव्हा त्यांच्या मेंदूतला धोक्याची घंटा वाजवणारा 'अमिग्डला' हा भाग शांत होत गेला.

तिथेच २०१२ मध्ये कोळ्यांना घाबरणाऱ्या लोकांसमोर जिवंत टॅरँटुला ठेवला गेला. तळहाताएवढा, केसाळ. एका गटाने स्वतःला समजवायचं, 'छे, हा काही करत नाही.' दुसऱ्या गटाने सरळ कबूल करायचं, 'हा किळसवाणा कोळी आहे आणि मला त्याची भयंकर भीती वाटतेय.' आठवडाभराने पुन्हा कोळ्यासमोर उभं केलं, तेव्हा हाताला कमी घाम सुटला तो कबुली देणाऱ्यांच्या. म्हणजे 'आज मला उदास वाटतंय' हे वाक्य दिसायला रडकं, पण काम करतं धीराचं.

६. मराठीतला सगळ्यात खोडकर 'च'

रेडिंग विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०१८ मध्ये ऑनलाइन चर्चागटांमधल्या हजारो लोकांचं लिखाण संगणकाला वाचायला दिलं. चिंता आणि नैराश्याशी झगडणाऱ्यांच्या लिखाणात 'नेहमी', 'कधीच', 'पूर्णपणे' अशा टोकाच्या शब्दांचं प्रमाण इतरांपेक्षा सुमारे ५० टक्क्यांनी जास्त निघालं. उदास शब्दांपेक्षाही हे टोकाचे शब्द जास्त बोलके ठरले.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस १९५५ पासून नेमकं हेच सांगत होते: दुःखापेक्षा 'असंच व्हायला पाहिजे' हा हट्ट माणसाला जास्त छळतो. त्यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी महाराष्ट्रात रुजवली. मराठीत या हट्टाला एक अक्षर पुरतं: 'च'. 'मला जमलंच पाहिजे', 'माझं कुणीच नाही', 'हे असंच होणार'. एकदा हा 'च' काढून तीच वाक्यं म्हणून बघा. दुःख जागच्या जागी राहतं, फक्त त्याला कुलूप लागलेलं नसतं.

७. शांतता पुरस्कार... शिव्यांना

ब्रिटनमधल्या कील विद्यापीठात रिचर्ड स्टीफन्स यांनी २००९ मध्ये विद्यार्थ्यांना बर्फगार पाण्यात हात बुडवून ठेवायला सांगितलं. एकदा मनसोक्त शिवी हासडत आणि एकदा टेबलाचं वर्णन करणारा साधा शब्द म्हणत. शिवी देताना हात जास्त वेळ पाण्यात टिकला! पुढच्याच वर्षी या संशोधनाला विनोदी 'इग नोबेल' मिळालं, तेही शांततेचं. पण मेख आहे: उठसूट शिव्या देणाऱ्यांना हा फायदा कमी मिळतो, असं स्टीफन्स यांच्याच पुढच्या प्रयोगात दिसलं. तेव्हा शिवी जपून वापरावी.

८. पंचवीस लाखांचा धीर, सगळा रद्दीत

'कीप काम अँड कॅरी ऑन' हे कपांवर, टी-शर्टांवर मिरवणारं वाक्य मुळात ब्रिटिश सरकारचं. १९३९ मध्ये बाँबहल्ल्यांच्या भीतीने सुमारे २५ लाख पोस्टर छापली गेली, पण भिंतींवर ती जवळपास लागलीच नाहीत. बहुतेकांचा लगदा झाला. २००० मध्ये अॅल्निक गावातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात, लिलावात घेतलेल्या खोक्याच्या तळाशी एक पोस्टर सापडलं आणि साठ वर्षांनी ते जगभर गाजलं.

आपल्याकडे उलटा प्रकार. सुविचार कुणी दडवून ठेवत नाही. सूर्योदय, गुलाबाचं फूल आणि 'शुभ सकाळ' यांनी भारतीयांचे फोन इतके तुंबले, की जागा का संपते याचा शोध गुगलच्या इंजिनिअरांना घ्यावा लागला. शेवटी असली चित्रं हुडकून पुसणारं अॅपच निघालं.

९. 'तुमची आठवण आहे', एवढंच

या यादीतली सगळ्यात छोटी आणि सगळ्यात मोठी गोष्ट. सॅन फ्रान्सिस्कोचे मानसोपचारतज्ज्ञ जेरोम मोटो दुसऱ्या महायुद्धात सैन्यात असताना एका ओळखीच्या तरुणीची साधीसुधी पत्रं त्यांना येत. त्या पत्रांनी आपल्याला किती धीर दिला, हे ते विसरले नाहीत.

१९६९ पासून त्यांनी तेच करून पाहिलं. नैराश्यामुळे किंवा आत्महत्येच्या प्रयत्नामुळे दवाखान्यात राहून गेलेले, पण पुढचे उपचार नाकारलेले ८४३ जण निवडले. त्यातल्या निम्म्यांना पाच वर्षं अधूनमधून चार-दोन ओळींचं टाइप केलेलं पत्र जायचं. त्यात उपदेश नाही, चौकशांची सरबत्ती नाही, 'औषध घेता ना?' नाही. तुम्ही इथून जाऊन बरेच दिवस झाले, सगळं ठीक असेल अशी आशा आहे, वाटलं तर कळवा, अशा अर्थाच्या ओळी. सोबत उत्तरासाठी पत्ता घातलेलं पाकीट. पहिल्या दोन वर्षांत पत्रं मिळणाऱ्यांमध्ये आत्महत्यांचं प्रमाण, पत्रं न मिळालेल्यांपेक्षा स्पष्टपणे कमी राहिलं.

कुसुमाग्रजांच्या 'कणा' कवितेतला पुरात घर गेलेला विद्यार्थीही सरांकडून पैसे घेत नाही. त्याला हवा असतो पाठीवर हात आणि एक शब्द.

१०. गोव्यातलं 'टेन्शन'

१९९६ मध्ये गोव्यात सुरू झालेल्या 'संगाथ' संस्थेला एक गोष्ट लवकर उमगली: सरकारी आरोग्य केंद्रात आलेल्या माणसाला 'तुम्हाला नैराश्य आहे' म्हटलं की तो बिचकतो, 'टेन्शन' म्हटलं की खुर्ची पुढे ओढून बोलायला लागतो. मग त्यांनी डॉक्टर नसलेल्या साध्या स्थानिक माणसांना प्रशिक्षण दिलं. रुग्णांशी सहा ते आठ वेळा बसून बोलायचं आणि झेपतील अशी छोटी कामं ठरवायची. २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या निष्कर्षानुसार, तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते. नेहमीच्या उपचारांच्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होतं. गोड बोलण्याला कृतीची जोड मिळाली की ते अंगी लागतं.

११. विनोद संपले, हसणं उरलं

मुंबईत १३ मार्च १९९५ ला डॉ. मदन कटारिया यांनी बागेत पाच जणांना जमवून हास्यक्लब सुरू केला. रोज एकेकाने विनोद सांगायचा. दोन आठवड्यांत साठा आटला आणि चावट, बोचरे विनोद सुरू झाले, बायामंडळी वैतागली. कटारियांनी विनोदच बंद केले आणि कारणाशिवाय 'हो हो हा हा' करत हसायला लावलं. हा क्लब पुढे जगभर पसरला. कधी कधी शब्दांना सुट्टी दिलेलीही चालते.

तर मग म्हणायचं काय?

• 'मी आनंदी आहे' ऐवजी: 'आज जड जातंय. आंघोळ तेवढी करू.'
• 'माझं काहीच होणार नाही' ऐवजी: 'सध्या काही सुचत नाहीये.'
• दुसऱ्याला 'अरे, पॉझिटिव्ह राहा!' ऐवजी: 'येऊ का? चहा घेऊ.'
• 'तुझ्यापेक्षा वाईट दिवस बघितलेत लोकांनी' ऐवजी: काही नाही. नुसतं ऐका.

आणि हे पक्कं लक्षात असू द्या: उदासी रोजची झाली, दोन आठवडे हटली नाही, झोप-भूक-काम सगळं बिघडलं, तर तो आजार असू शकतो. शब्द त्यात सोबत करतात, पण उपचारासाठी डॉक्टरांकडे जायचं. जीव नकोसा वाटत असेल तर दोन आठवडेही थांबू नका. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली सरकारची 'टेली-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, फुकट आणि मराठीतही उपलब्ध आहे. फोन लागल्यावर पहिलं वाक्य सुचत नसेल, तर 'मला बरं वाटत नाहीये, बोलायचंय' एवढं पुरतं.