टोमॅटोचं वाळवण: जात आधी, ऊन नंतर

एप्रिल उजाडला की भिंगारच्या गच्च्यांवर कुरडया, पापड, सांडगे पसरतात. त्याच उन्हात टोमॅटोही चिरून टाकले की वाळतील, असं पुष्कळांना वाटतं. दोन-तीन दिवसांनी ताटाला चिकटलेल्या बिया आणि काळपट सालं तेवढी उरतात. मग दोष उन्हाला दिला जातो. खरी गोम बहुतेकदा जातीत असते.

टोमॅटोत सुमारे ९४ टक्के पाणी असतं, म्हणून एक किलो सुक्या कापांसाठी साधारण १५ किलो फळं लागतात. पातळ रसाच्या, बियाळ फळांचं वाळून फारसं काही उरत नाही. फळ हाताला टणक लागलं म्हणजे वाळवायला चांगलं, हाही गैरसमजच. टणकपणा वाहतुकीत कामाला येतो. वाळवणाला हवा जाड गर आणि कमी बिया. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची ‘भाग्यश्री’ त्यासाठी जवळची निवड आहे: गर भरपूर, बिया कमी, लाल रंग गडद. लुधियानाच्या कृषी विद्यापीठाची ‘पंजाब छुहारा’ आणि लांबट ‘रोमा’ याही त्याच पठडीतल्या. ‘रोमा’चं झुडूप बेताचं वाढतं आणि फळं बरीचशी एकदम पिकतात, त्यामुळे एका घाण्यात काम उरकतं.

कडक उन्हात टोमॅटो जास्त लाल होतो, ही समजूत तर पार उलटी आहे. फळाला लाल करणारं लायकोपीन तापमान ३० अंशांच्या बरंच वर गेलं की नीट तयार होत नाही. फळ पिवळट नारिंगी राहतं. म्हणून एप्रिल-मेमध्ये पिकणाऱ्या फळांच्या भरवशावर वाळवण करू नये. ऑक्टोबरात रोपं लावावीत. थंडीच्या अखेरीस फळ चांगलं रंगतं आणि फेब्रुवारी-मार्चची कोरडी हवा वाळवायला सोयीची पडते.

लांबट फळाचं बूड काळं पडलं की लगेच औषध फवारलं जातं. तो बुरशीचा रोग नव्हे. पाण्यात खाडे पडले की फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोहोचत नाही. पाणी नियमित द्यावं, मुळाशी पाचटाचं आच्छादन करावं. फळं रंगू लागल्यावर मात्र पाणी थोडं आवरतं घेतलं तर गर घट्ट होतो.

वाळवल्यावर सत्त्व उरत नाही, हे अर्धंच खरं. क जीवनसत्त्व बरंच घटतं. लायकोपीन मात्र चांगलं टिकतं. फोडी उभ्या चिराव्यात, कापलेली बाजू वर ठेवावी, किंचित मीठ भुरभुरून वर मलमल ताणावी आणि रात्री ताटं घरात घ्यावीत. चामड्यासारख्या लवचीक झाल्या, दाबल्यावर ओल आली नाही, की वाळल्या. पूड करायची तर कडकडीत होईपर्यंत वाळवाव्यात. आमटीत, सारात, रश्श्यात ती छान उतरते.

एका गैरसमजाची किंमत मोठी आहे: तेलात बुडवलं की काहीही टिकतं. अर्धवट वाळलेल्या फोडी आणि कच्चा लसूण तेलात घालून बाहेर ठेवले, तर हवेविना वाढणारा बोटुलिझमचा जीवाणू त्यात विष तयार करू शकतो. ‘भाग्यश्री’त आम्लता कमी, म्हणून तिथे जास्तच जपावं. फोडी कोरड्याच बरणीत भराव्यात. तेलातल्या हव्या असतील तर थोड्याच कराव्यात, फ्रिजमध्ये ठेवाव्यात आणि चार दिवसांत संपवाव्यात.

बाजारातल्या संकरित टोमॅटोचं बी धरलं तर पुढच्या पिढीत तेच गुण येतीलच असं नाही. सरळ वाणाच्या बियांतून मात्र ते येतात. भिंगारच्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाणं जपून हे दाखवलं आणि २०२० मध्ये पद्मश्री मिळवली. तेव्हा रोपवाटिकेत जाल तेव्हा जातीचं नाव विचारा, सरळ वाण मागा आणि पहिल्या तोड्यातली दोन उत्तम फळं बियाण्यासाठी राखून ठेवा.