घाबरलो की घाबरवलं?

मराठीत भीतीला शब्दांचा तुटवडा नाही. आपण घाबरतो, दचकतो, बिचकतो, भेदरतो. रात्री लाईट गेले की छातीत धडकी भरते आणि व्हायव्हाला एक्स्टर्नल समोर आला की पाचावर धारण बसते. पण हेच इंग्रजीत लिहायची वेळ आली, की आपल्यासारख्या मराठी माध्यमवाल्यांची गाडी 'फिअर' ह्या एकाच स्टेशनवर अडकते.

वाङ्मय मंडळाचं काम बघत असल्यामुळे फर्स्ट इयरची मुलं इंग्रजी अर्ज तपासून घ्यायला माझ्या रूमवर येतात. त्यात एक गोष्ट हमखास दिसते. घाबरवलेलं असतं दुसऱ्यानेच, पण वाक्य बोट दाखवतं लिहिणाऱ्याकडे! म्हणून हा लेखप्रपंच.

'इंग' आणि 'एड'ची गंमत

'मी घाबरलोय' ह्यासाठी बरेच जण बिनधास्त 'आय ॲम फ्रायटनिंग' म्हणतात. त्याचा अर्थ होतो, 'मी भयानक आहे'! मराठीत मूळ क्रियापद 'घाबरणे', आणि त्याला 'व' जोडला की 'घाबरवणे'. इंग्रजीत नेमकं उलटं आहे. 'फ्रायटन' म्हणजेच घाबरवणे. जो घाबरवतो तो 'फ्रायटनिंग', जो घाबरतो तो 'फ्रायटन्ड'. स्केअर, टेरिफाय, अलार्म ह्या सगळ्यांना हाच नियम. लेक्चरला कंटाळून 'आय ॲम बोअरिंग' म्हणणारे वीरही ह्याच घराण्यातले.

'फिअर' मात्र भिणाऱ्याच्या बाजूचं क्रियापद आहे. 'ही फिअर्स मी' म्हणजे तो मला भितो. 'मला त्याची भीती वाटते' असं मनात ठेवून हे वाक्य लिहिलं, तर भीतीची दिशाच फिरते.

'अफ्रेड'ची तऱ्हा आणखी वेगळी. मध्ययुगीन इंग्रजीत 'अफ्रे' म्हणजे घाबरवणे असं क्रियापद होतं, त्याचं हे 'एड' रूप. क्रियापद वापरातून गेलं, रूप उरलं. ते नामाच्या आधी बसत नाही. 'ॲन अफ्रेड बॉय' चालत नाही, 'अ फ्रायटन्ड बॉय' चालतं. पुढच्या अव्ययाकडेही लक्ष ठेवा. 'अफ्रेड ऑफ हिम' म्हणजे त्याची भीती, 'अफ्रेड फॉर हिम' म्हणजे त्याच्याबद्दल काळजी. आणि ऑफिसातले साहेब 'आय ॲम अफ्रेड, द लास्ट डेट इज ओव्हर' म्हणतात तेव्हा घाबरलेले साहेब नसतात, ते आपणच असतो!

घाबरण्याचे प्रकार

मागून कोणी 'भॉ' केलं तर होतं ते 'स्टार्टल', म्हणजे दचकणं. क्षणात येतं, क्षणात जातं. 'स्केअर' आणि 'फ्रायटन' जवळजवळ सारखे, पहिला जरा बोलण्यातला. 'टेरिफाय' म्हणजे पार गर्भगळीत करणं. 'हॉरिफाय'मध्ये भीतीबरोबर धक्का किंवा किळसही असते. त्याचं लॅटिन मूळ केस ताठ उभे राहण्याचं आहे. आपण म्हणतो ना, अंगावर काटा आला, तेच.

'ड्रेड' ही पुढे येणाऱ्या गोष्टीची धास्ती. सबमिशनच्या आधीचा आठवडा आठवा, वेगळं उदाहरण द्यायला नको. 'अँग्झायटी'त मात्र नेमकं कशाला भितोय हे बोट ठेवून सांगता येत नाही. तिचं मूळ 'आवळणे' ह्या अर्थाचं. संस्कृतमधला 'अंहस्', म्हणजे संकट किंवा पाप, हा शब्दही त्याच कुळातला. जीव गुदमरतो असं आपण म्हणतो ते उगीच नाही.

'पॅनिक' हा शब्द ग्रीकांच्या पॅन ह्या रानातल्या देवावरून आला. कळप अचानक बिथरून उधळला की तो पॅनचा प्रताप असं ते मानत. मोठ्या सभागृहांच्या आपत्कालीन दारांवर जो आडवा दांडा असतो त्याला 'पॅनिक बार' म्हणतात. उधळलेल्या गर्दीचा नुसता रेटा बसला तरी दार उघडलं पाहिजे, एवढाच त्यामागचा विचार. कॉम्प्युटरवाल्यांना 'कर्नल पॅनिक' माहीत असेलच.

आता सगळ्यात महत्त्वाचा शब्द, 'टेरर'. लॅटिनमधलं त्याचं मूळ आणि संस्कृतमधला 'त्रस्' हा धातू एकाच पूर्वजाची लेकरं आहेत. 'त्रस्' म्हणजे भीतीने थरथरणे. त्याच्यापासून आला आपला 'त्रास'. मराठीत तो इतका मवाळ झाला की डासांचाही त्रास आणि मेसच्या भाजीचाही त्रास. त्यामुळे एखादा मुलगा मान खाली घालून 'सिनिअर जरा त्रास देतात' म्हणतो, तेव्हा ऐकणाऱ्याला ते डासांएवढंच वाटतं. प्रत्यक्षात तो मुळातल्या अर्थाने बोलत असू शकतो.

घाबरवण्याचे प्रकार

अंधार 'स्केअर' करतो, पालही करते. त्यात कोणाचा हेतू नसतो. 'थ्रेटन' मात्र माणूस मुद्दाम करतो. ती धमकी आहे, आणि धमकी दिली म्हणजे समोरचा घाबरलाच असं नाही. 'ही थ्रेटन्ड मी, बट आय वॉज नॉट फ्रायटन्ड' हे वाक्य शंभर टक्के बरोबर आहे. धमकी तरीही धमकीच राहते.

'इंटिमिडेट'च्या पोटात 'टिमिड' आहे, म्हणजे भित्रा. समोरच्याला भित्रा करून त्याच्याकडून काम काढून घेणं किंवा त्याला गप्प बसवणं. मराठीत धाकदपटशा. 'बुली' म्हणजे दुबळा बघून त्याला पुन्हा पुन्हा छळणारा. सोळाव्या शतकात हाच शब्द लाडक्या माणसासाठी वापरत, आज खरं वाटणार नाही!

मग फरक काय पडतो?

दोन वाक्यं बघा. 'आय फील स्केअर्ड इन द हॉस्टेल ॲट नाइट.' हे वाचून रेक्टर म्हणतील, पोरगं घरापासून पहिल्यांदाच लांब आलंय, होईल सवय. दुसरं वाक्य: 'थ्री सीनिअर्स थ्रेटन्ड टू बीट मी.' आता वाक्यात तीन माणसं आली, त्यांचं कृत्य आलं. पहिल्यात लिहिणाऱ्याचा स्वभाव दिसतो, दुसऱ्यात घडलेला प्रसंग.

कायदाही हे दोन्ही बघतो. महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंग प्रतिबंधक कायद्यात 'थ्रेटनिंग' हा शब्द आहे, आणि विद्यार्थ्याच्या मनात 'फिअर' निर्माण करणारं कृत्यही त्यात बसतं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड. लेखी तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची असते. यूजीसीच्या २००९ च्या नियमांच्या तर नावातच रॅगिंगला 'मेनस' म्हटलंय. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही 'क्रिमिनल इंटिमिडेशन'चं कलम आहे, ३५१ वं. पूर्वी ते दंड संहितेत ५०३ आणि ५०६ मध्ये होतं. गंमत म्हणजे 'रॅगिंग' ह्या शब्दात भीती कुठेच नाही, तो इंग्रज विद्यार्थ्यांच्या थट्टामस्करीतला शब्द. म्हणूनच 'मजा केली, सर' म्हणायला सोपं जातं.

तेव्हा अर्ज लिहिताना आधी कोणी, कधी, काय केलं किंवा म्हटलं ते लिहा. शक्यतो त्यांचे जसेच्या तसे शब्द, मग ते मराठीत का असेनात. आपल्याला काय वाटलं ते त्यानंतर. 'आय वॉज थ्रेटन्ड' लिहिलंत तर पुढचा 'बाय' आणि त्यापुढचं नाव गाळू नका. आणि इंग्रजी अडलं तर सरळ मराठीत लिहा. धमकी, धाक, दहशत हे शब्द काही कमी धारदार नाहीत.

सर-मॅडमनाही एक विनंती. कोणी 'त्रास होतो' म्हणत आलं, तर 'घाबरू नकोस' म्हणायच्या आधी 'कोणी घाबरवलं?' एवढं विचारा. उत्तर मिळेपर्यंत तेवढा वेळ थांबा.