पवनचक्कीची नक्कल

नक्कल म्हटली की होस्टेलमध्ये सर्वात आधी 'जी. टी.' आठवते. खाली ट्यूबलाइट, वर काच, काचेवर मित्राची ड्रॉइंग शीट आणि तिच्यावर आपली कोरी शीट. एका रात्रीत सबमिशन तयार! (स्टाफने हे वाक्य वाचले नाही असे समजावे.) पण जगात नक्कल हा एक रीतसर धंदाही आहे. व्हिन्सेंट व्हॅन गॉगच्या पवनचक्कीची हाताने रंगवलेली ऑइल कॉपी आज कोणीही घरबसल्या मागवू शकतो. अशा कॉपीला किंमत द्यावी का? की तीही एक जी. टी.च?

आधी चक्कीबद्दल. पवनचक्की म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर साताऱ्याकडचे वनकुसवडेचे पठार येते, वीज तयार करणारे उंच पांढरे पंखे. पॅरिसच्या माँमार्त्र टेकडीवरच्या जुन्या चक्क्या मात्र दळण दळायच्या. थोडक्यात, वाऱ्यावर चालणारी आटाचक्की! व्हॅन गॉग १८८६ मध्ये पॅरिसला भावाकडे राहायला आला तोपर्यंत 'मुलँ द ला गालेत' या चक्कीभोवती नाचगाण्याची आणि खाण्यापिण्याची जागा झाली होती. त्याने या चक्कीची बरीच चित्रे काढली. हयातीत त्याची चित्रे जवळजवळ विकलीच गेली नाहीत, आणि १८९० मध्ये तो गेला. २०२१ मध्ये त्याच्या माँमार्त्रच्याच एका चित्राला (१८८७ चे, त्यातही पवनचक्की आहे) पॅरिसच्या लिलावात सुमारे १ कोटी ३० लाख युरो मिळाले. आपल्यासारख्यांनी कॉपीच घ्यायची, दुसरे काय!

आता कॉपी करतात कशी? आमच्या पारशिवनीला दुकानांचे बोर्ड रंगवणारे एक पेंटरभाऊ आहेत. त्यांची पद्धत सोपी. छोट्या चित्रावर पेन्सिलीने चौकटी आखायच्या, तेवढ्याच चौकटी मोठ्या करून कॅनव्हासवर किंवा भिंतीवर आखायच्या आणि एकेक चौकट उतरवायची. म्हणजे आपले स्केलिंगच. जगभरचे कॉपी करणारेही हीच युक्ती वापरतात. फरक रंगात आहे. चित्रकाराचा ऑइल कलर म्हणजे रंगाची पूड आणि जवसाचे तेल, तेच जवस ज्याची आपण चटणी खातो. हे तेल पाण्यासारखे उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होते. म्हणून जाड थर वाळायला कित्येक आठवडे, कधी महिनेही लागतात. व्हॅन गॉगचा रंग तर इतका जाड की ब्रशचा प्रत्येक फटका बोटाला जाणवावा. छापील पोस्टरमध्ये हे येऊच शकत नाही.

इथेच फसवणूकही होते. काही ठिकाणी कॅनव्हासवर प्रिंट काढून वर पारदर्शक जेलचे फटके मारतात आणि 'हॅण्डपेंटेड' म्हणून विकतात. भिंग घेऊन बघा. छपाईचे बारीक ठिपके दिसले, किंवा उंचवटे एकीकडे आणि रंगांच्या कडा दुसरीकडे जात असतील, तर समजून जा.

चीनमध्ये शेन्झेनजवळच्या दाफेन गावात हा धंदा १९८९ मध्ये थोड्याशा चित्रकारांपासून सुरू झाला आणि पुढे हजारो लोक त्यात आले. मोठी ऑर्डर असली की एक जण आकाश रंगवणार, दुसरा झाडे, चक्क असेंब्ली लाइन! याच गावावर २०१६ मध्ये एक डॉक्युमेंटरी निघाली. तिच्यातला चित्रकार वर्षानुवर्षे व्हॅन गॉग रंगवतो आणि शेवटी अॅम्स्टरडॅमला जाऊन पहिल्यांदा ओरिजिनल बघतो.

आता तुम्ही म्हणाल, यात कला कुठे आली? तर ऐका, व्हॅन गॉग स्वतः कॉपी करायचा! १८८७ मध्ये त्याने हिरोशिगेची जपानी चित्रे ऑइलमध्ये उतरवली. नंतर दवाखान्यात असताना मिलेच्या चित्रांच्या वीसेक कॉपी केल्या, त्याही काळ्या-पांढऱ्या छापील प्रतींवरून, रंग आपल्या मनाचे. दुसऱ्याने रचलेले संगीत वादक आपल्या पद्धतीने वाजवतो, तसेच हे, असे तो म्हणायचा.

आणि आपल्या महाराष्ट्रातली गोष्ट तर याहून मोठी आहे. १८४४ मध्ये मद्रास आर्मीच्या रॉबर्ट गिलला अजिंठ्याच्या चित्रांच्या ऑइल कॉपी करायला नेमले. जवळजवळ वीस वर्षे तो हेच करत होता. त्या कॉपी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावल्या होत्या. १८६६ च्या आगीत बहुतेक सर्व जळाल्या. मग १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आणि पेस्तनजी बोमनजींसारखे त्यांचे विद्यार्थी पुन्हा लेण्यांत बसले. १८८५ पर्यंत सुमारे तीनशे कॅनव्हास झाले. त्याच वर्षी लंडनमध्ये पुन्हा आग, शंभरावर गेले! उरलेले आज तिथल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत. भिंतीवरून नंतर जे गळून पडले, त्यातले काही आता फक्त या कॉपींत बघायला मिळते. मात्र दुसरी बाजूही सांगायला हवी. चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून त्या काळात भिंतींवर व्हार्निश लावले गेले. ते पुढे काळवंडले आणि मूळ चित्रांचे नुकसान झाले. म्हणजे कॉपी करणाऱ्याची पहिली जबाबदारी मूळ चित्राला हात न लावण्याची.

कायद्याने बघितले तर व्हॅन गॉगची कॉपी करायला काही अडचण नाही. आपल्याकडे कॉपीराइट चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे असतो, त्याची मुदत केव्हाच संपली. गुन्हा होतो तो खोटे बोलल्यावर. बर्लिनच्या ओट्टो वाकरने तीसेक बनावट व्हॅन गॉग खरे म्हणून विकले आणि १९३२ मध्ये त्याच्यावर खटला चालला.

तर पर्सनली मला वाटते, जी. टी. आणि कॉपी यांत फरक आहे. जी. टी.त हात चालतो, डोळा नाही. चांगल्या कॉपीत प्रत्येक फटका का मारला याचा विचार करावा लागतो. फ्लेक्स आल्यापासून आमच्या पेंटरभाऊंचे बोर्डाचे काम जवळजवळ बंद झाले. कॅलेंडरवरून त्यांनी रंगवलेली एक पवनचक्की आमच्या गल्लीतल्या एका घरी आहे. चक्की थोडी वाकडी आहे, पण आकाश बघत राहावे असे आहे. त्यावर कोणाचीच सही नाही. परदेशात कॉपी करणाऱ्यांचेही तेच, घेणाऱ्याला नाव फक्त व्हॅन गॉगचे माहीत.

म्हणून कधी कॉपी घेतलीत तर एवढे करा. मागच्या बाजूला 'व्हॅन गॉगच्या चित्रावरून' असे लिहायला सांगा, आणि त्याखाली रंगवणाऱ्याला स्वतःची सही करायला लावा. त्याने चित्राची किंमत कमी होणार नाही. उलट ते चित्र कोणाचे, याचे खरे उत्तर तुमच्याकडे असेल.