शांतता हवीय? फोम जरा जपून!

घरून मीटिंग्ज सुरू झाल्यापासून माझ्या मित्रमंडळींत भिंतीला फोम चिकटवायची टूम निघालीय. 'आता ट्रॅफिक ऐकूच येणार नाही,' म्हणे! पण बॉस, फोम बाहेरचा आवाज अडवत नाही. तो फक्त खोलीत घुमणारा आवाज शोषतो. आवाज अडवायला लागतं वजन: जाड भिंत, जाड काच. आणि फट तर नकोच! दाराखालच्या बोटभर फटीतूनही हॉर्न आरामात आत शिरतो.

म्हणून माझा सल्ला: आधी खिडकीच्या कडांना आणि दाराखाली रबरी पट्टी लावा. बजेट असेल तर लॅमिनेटेड काच बसवा.

आता गंभीर मुद्दा. साधा पॉलियुरेथेन फोम झटकन पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधल्या 'द स्टेशन' नाइटक्लबनं शेजाऱ्यांच्या तक्रारींमुळे असाच फोम लावला होता. २००३ मध्ये स्टेजवरच्या आतषबाजीनं तो पेटला आणि १०० जणांचा जीव गेला.

फोम घ्यायचाच असेल, तर आगीच्या चाचणीचं सर्टिफिकेट मागा. दुकानदार टाळाटाळ करतोय? सरळ बाहेर पडा!